जटिल आघातावरील मानसोपचार: पुण्यातील एका केंद्राचा अडीच वर्षांचा अनुभव

गेली अडीच वर्षे मी पुण्यात, एरंडवण्यातील एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या एका लहान मानसोपचार केंद्रात जात आहे. आजवर माझी ८१ सत्रे झाली. केंद्रात तीनच थेरपिस्ट आहेत आणि नाव दिले तर माझ्या थेरपिस्ट बाई कोण हे लगेच ओळखू येईल, म्हणून नाव लिहीत नाही. परंतु लहानपणापासून वर्षानुवर्षे सोसलेल्या आघातावर उपचार घेऊ पाहणाऱ्या माणसाने अशी सेवा निवडताना काय पाहावे, पैसे कशासाठी मोजावेत आणि कुठे सावध राहावे, हे मला माझ्या अनुभवातून सांगता येईल असे वाटते. माझे मत आधीच नोंदवते. या केंद्राने माझ्यासाठी केलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही की त्यांनी माझी कहाणी विचारण्याची घाई केली नाही.

माझे बालपण सांगलीत गेले. आण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी स्कूटरवरून घरी येत. बोळाच्या तोंडाशी स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला की फाटकाची कडी निघेपर्यंत साधारण अर्धा मिनिट जाई, आणि तेवढ्यात आई गॅस बारीक करी, धाकटा भाऊ पुस्तक उघडून बसे आणि मी श्वास रोखून कडीचा कानोसा घेई. कडी हळू निघाली तर जेवण नीट होई. ती आपटली गेली तर कोणाला तरी मार बसणार हे ठरलेले असे. मी पाच वर्षांची असल्यापासून लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत हे असेच चालले. बाहेर कोणाला काही ठाऊक नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आई म्हणे. आज मी त्रेचाळीस वर्षांची आहे, एका सहकारी बँकेत अधिकारी आहे, आणि उपचार सुरू होईपर्यंत माझी अवस्था अशी होती की शाखेत कोणी फाईल टेबलावर जोरात टाकली तरी माझे हात गार पडत आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे समोरचा खातेदार काय बोलतो आहे ते डोक्यात शिरत नसे.

येथे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी समुपदेशिकेने पहिल्याच तासात सगळे मुळापासून सांगायला लावले. मीही सांगत गेले, कारण मोठ्या माणसाने विचारले की उत्तर द्यायचे हीच माझी सवय होती. घरी आल्यावर मला थंडी वाजून आली, त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढचे चार दिवस मी बँकेत जाऊ शकले नाही. दुसऱ्या ठिकाणी, ‘वडील आता थकले आहेत, त्यांना माफ करून टाका, म्हणजे तुमचंच मन हलकं होईल,’ असा सल्ला तिसऱ्या भेटीत मिळाला. त्या दोघींच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र एखाद्या साध्या अडचणीवर बोलून मार्ग काढणे आणि अशा आघातावर काम करणे ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसऱ्या कामाचे प्रशिक्षण नसताना ते हाती घेतले तर आलेल्या माणसाला इजा होऊ शकते, हे मी माझ्या अंगावर अनुभवले आहे.

एकदाच घडलेला आघात आणि सतत चाललेला आघात यांतील फरक मला या केंद्रात प्रथम नीट समजला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा ज्या मोठ्या माणसांची घरे कोसळली, त्यांच्या आयुष्यात त्या पहाटेच्या आधीचा एक काळ तरी होता, ज्यात पायाखालची जमीन स्थिर होती. त्यांचे दुःख लहान नव्हते, परंतु ‘आधीची मी’ त्यांना आठवत होती. ज्या मुलाला घरातल्याच माणसाची भीती वाटते आणि रोज त्याच माणसाच्या पंक्तीला बसून जेवायचे असते, त्याला तसा आधीचा काळच नसतो. त्याचा स्वभाव, त्याची झोप, माणसांवर विश्वास ठेवण्याची त्याची पद्धत, सगळे त्या भीतीच्या साच्यातच घडते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या प्रकाराला वेगळे नाव द्यावे असे मांडले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ (पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) हे स्वतंत्र निदान म्हणून आले. त्यात पीटीएसडीची तीन लक्षणे, म्हणजे घडलेले पुन्हा आत्ता घडत असल्यासारखे जाणवणे, त्याची आठवण देणारे सारे टाळणे आणि धोका अजून समोरच आहे असे वाटत राहणे, ही तर असतातच. त्यांच्या जोडीला भावना आवरता न येणे किंवा पार बधिर होणे, आपण मुळातच टाकाऊ आहोत असे मनात पक्के बसलेले असणे आणि कोणाशीही जवळीक टिकवता न येणे, ही आणखी तीन येतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत मात्र हे निदान वेगळे दिलेले नाही. त्यामुळे एका डॉक्टरांच्या कागदावर ते दिसेल आणि दुसऱ्यांच्या कागदावर दिसणार नाही. रुग्णाने त्यावरून गोंधळून जाऊ नये.

यातली नंतरची तीन लक्षणे ऐकताना मला रडू आले होते. कारण त्यांना मी आयुष्यभर माझा स्वभाव समजत आले. स्वभावाला औषध नाही, असे आपण सहज म्हणतो, आणि मी ते स्वतःविषयी इतक्या वेळा म्हटले होते की उपचार घ्यावेत हा विचारच चाळिशीपर्यंत मनाला शिवला नाही. मी ज्याला स्वभाव म्हणत होते, त्यातला बराचसा भाग एका लहान मुलीने मार चुकवण्यासाठी शोधून काढलेल्या युक्त्यांचा होता, हे कळायला मला येथे काही महिने लागले. पण ते कळले.

पहिल्या सत्राविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मला वाटते की सेवेची पारख तिथेच होते. मी दोन रात्री जागून मनात सगळे जुळवून आले होते. बाईंनी मला मध्येच थांबवले आणि म्हणाल्या, ‘आज फक्त मथळे सांगा. बातमी नको.’ मी चार मथळे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि उरलेला वेळ मी रात्री किती झोपते, घरात कोणाशी मोकळेपणाने बोलते, जीव नकोसा होतो का, तसे झाले तर कोणाला फोन करीन, या प्रश्नांना दिला. गोपनीयतेविषयीही त्या आपणहून बोलल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती रुग्णाचा हक्कच आहे. तिचे अपवादही त्यांनी आधीच सांगितले: माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होत असल्याचे कळले तर, कारण तेव्हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असते. नियम आधी समजले की मन थोडे टेकते. आमच्या घरात नियम रोज बदलत असत.

त्यानंतरचे जवळजवळ पाच महिने आम्ही जुन्या आठवणींना हातच लावला नाही. मला आरंभी हे पैसे वाया घालवणे वाटत होते, हे कबूल करते. त्या काळात मी शरीराची भाषा शिकत होते. बाईंनी मला दूध तापवण्याचा दाखला दिला: आंच फार वाढली की दूध उतू जाते, गॅस विझला की ते गारठते, आणि कामाचे जे काही होते ते मधल्या आचेवर होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ साली मांडलेली ‘सहनशीलतेची खिडकी’ ही कल्पना तीच, असे त्यांनी पुढे सांगितले. मी उतू जाणाऱ्यांपैकी नव्हे, विझणाऱ्यांपैकी आहे, हे ओळखायलाच मला कितीतरी आठवडे लागले, कारण आजवर सगळे मला ‘शांत’ म्हणत आले होते.

नवव्या सत्रात घडलेली गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे अजून तशीच आहे. केंद्राच्या बाहेरच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे. बोलता बोलता ती कोणीतरी खाडकन लावली आणि माझे वाक्य अर्ध्यात तुटले. मला काही झाले आहे हे मला स्वतःला कळण्याआधी बाईंनी माझ्या हातांकडे पाहिले होते. त्या जागेवरून उठल्या नाहीत, आवाज वाढवला नाही. ‘आत्ता कडी वाजली. खाली चहावाला मुलगा आला होता, तो परत गेला. तुमच्या पायांखाली सतरंजी आहे, तिचा खरखरीतपणा लागतोय का, बघा,’ असे म्हणाल्या. मी चप्पल काढलेलीच होती. तळव्यांना सुतळीसारखे काहीतरी लागले. मग त्यांनी मला खोलीतल्या निळ्या वस्तू मोजायला लावल्या. चौथी निळी वस्तू, एका वहीचा पुठ्ठा, सापडेपर्यंत माझा श्वास पूर्ववत झाला होता. सांगलीचे फाटक आणि एरंडवण्याचे दार या दोन निरनिराळ्या जागा आहेत, ही गोष्ट माझ्या बुद्धीला नेहमीच ठाऊक होती, पण शरीराला ती पहिल्यांदा त्या दिवशी उमगली.

हर्मन यांनी उपचाराचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरे जाऊन जे गमावले त्याचा शोक, आणि शेवटी माणसांशी व रोजच्या आयुष्याशी पुन्हा जोडले जाणे. पहिला टप्पा किती लांबवावा यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत; तयारीत फार काळ घालवू नये, आठवणींवरचे काम लवकर सुरू केले तरी चालते, असे म्हणणारेही आहेत. बाईंनी ही दुसरी बाजू माझ्यापासून लपवली नाही आणि निर्णय माझ्याशी बोलून घेतला, याचे मला विशेष वाटते. माझ्या बाबतीत पाच महिने योग्य होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींवर काम करण्याची पद्धत, वापरली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी ती १९८७ पासून विकसित केली आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी जे उपचार सुचवले त्यांत तिचा समावेश होता. एक ठरावीक आठवण निवडायची, तिच्याशी चिकटलेले स्वतःविषयीचे वाक्य शोधायचे, त्रास शून्य ते दहा यांत किती ते सांगायचे, आणि मग आठवण मनात धरून बाईंच्या बोटांमागे डोळे डावीउजवीकडे फिरवायचे. थोड्या वेळाने थांबून मनात काय आले ते एक-दोन वाक्यांत सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे. माझे वाक्य होते, ‘मीच काहीतरी चुकीचं केलं असणार.’ डोळे फिरवण्याने नेमके काय साधते यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, म्हणून मी त्याविषयी छातीठोक काही लिहीत नाही. माझ्यापुरते एवढेच सांगते की कडीच्या आठवणीला मी आरंभी नऊ गुण दिले होते आणि सहाव्या बैठकीअखेर ते दोनवर आले. आठवण पुसली गेली नाही. तिच्यात आता एक नवी गोष्ट दिसते, जी आधी कधी दिसली नव्हती: पुस्तक उघडून बसलेल्या भावाचे हात. ते पुस्तक त्याने उलटे धरलेले असे.

त्यानंतरचे दोन महिने अतिशय कठीण गेले आणि याची पूर्वकल्पना प्रत्येक केंद्राने द्यायला हवी. मी रोज रडत होते. भीती ओसरली की तिच्याखालचे दुःख वर येते, आणि आईने आम्हाला का वाचवले नाही हा प्रश्न मला तेव्हा प्रथम पडला. झोप पार उडाल्यावर बाईंनी मला एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा असतो, मानसशास्त्रज्ञांचा नव्हे. मी सात महिने गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद केल्या. दोघांनी एकमेकांशी बोलून उपचार ठरवले, त्यामुळे मला एकाचे म्हणणे दुसऱ्याला पोचवत बसावे लागले नाही.

आता उणिवा. केंद्राचे सगळे अर्ज इंग्रजीत होते. बँकेत आयुष्य काढलेल्या मला ते अडले नाहीत, पण ज्या मातृभाषेत मार खाल्ला त्याच भाषेत तो सांगावा लागतो. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्थेने मानसिक आरोग्याविषयी मराठीतून इतके काम करून ठेवलेले असताना पुण्यातील केंद्राचे संमतिपत्र मराठीत नसावे, हे मला पटले नाही. सत्रे मात्र पूर्णपणे मराठीत झाली. दुसरी उणीव भिंतींची. दोन खोल्यांमध्ये प्लायवुडची भिंत आहे आणि पलीकडचे शब्द नाही, तरी रडणे ऐकू येते. मी तक्रार केल्यावर मधल्या जागेत पंख्यासारखा सतत आवाज करणारे यंत्र बसवले, त्याने बराच फरक पडला. शुल्क मी आले तेव्हा पन्नास मिनिटांना १,५०० रुपये होते. गेल्या वर्षी ते १,८०० झाले आणि त्याची सूचना केवळ आठ दिवस आधी, एका व्हॉट्सॲप संदेशाने आली. सवलतीच्या काही जागा केंद्र राखून ठेवते, पण त्या मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. विम्याचाही उपयोग झाला नाही. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितले आहे, तरी माझी पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याखेरीज खर्च देत नाही आणि हे उपचार बाहेरूनच घ्यायचे असतात. ज्यांना हा खर्च झेपणार नाही त्यांनी निदान सुरुवात म्हणून सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून पाहावा; तेथे मराठीत बोलता येते.

सर्वांत मोठी चूक घडली ती चौदाव्या महिन्यात. बाई आजारी होत्या आणि स्वागतकक्षातून मला कळवायचे राहून गेले. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले होते, चाळीस मिनिटे बाकावर बसून परत आले, आणि आता पुन्हा जायचे नाही असे घरी येऊन ठरवून टाकले. माणूस आपल्याला विसरतो, यात माझ्यासारखीला नवल वाटत नाही. ती लगेच दार लावून घेते. पुढच्या आठवड्यात बाईंचा स्वतःचा फोन आला. भेटल्यावर त्यांनी आजारपणाचे कारण पुढे केले नाही. ‘तुम्ही चाळीस मिनिटं वाट पाहिलीत. ही आमची चूक आहे आणि त्याचा तुम्हाला त्रास झाला असणार. राग आला असेल तर तोही इथे सांगा,’ असे त्या म्हणाल्या. मोठ्या माणसाने आपणहून चूक मान्य केलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी रागावले, माझा आवाज चढला, आणि तरीही पुढच्या आठवड्याची माझी वेळ तशीच राहिली. ८१ सत्रांतले सर्वांत उपयोगी सत्र कोणते असे कोणी विचारले तर मी हेच सांगीन.

थेरपिस्ट निवडताना मी आता आधी पात्रता विचारीन. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आपला नोंदणी क्रमांक सांगतात. माझ्या बाईंचा तो भिंतीवर लावलेला आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेला माणूसही लावू शकतो. त्यापुढे, आघातावरील कामाचे वेगळे प्रशिक्षण कोठे घेतले आणि स्वतःच्या कामावर कोणा ज्येष्ठाचे मार्गदर्शन घेता का, हे विचारायला संकोच करू नये. या प्रश्नाने जो दुखावतो त्याच्याकडे मी जाणार नाही. ऑनलाइन सत्रांचीही सोय आहे, परंतु ज्याची भीती वाटते तो माणूस त्याच घरात असेल तर बाई ती घेत नाहीत. पावसाळ्यात मी दोन सत्रे बँकेच्या वाहनतळावर गाडीत बसून केली. ती जेमतेम झाली, फोन दोनदा तुटला.

आण्णांना भेटू नका किंवा त्यांना माफ करा, यांपैकी काहीही मला या केंद्रात कोणी सांगितले नाही. गेल्या दिवाळीत मी पाचऐवजी दोनच दिवस सांगलीला गेले आणि निघण्याची गाडी आधीच ठरवून ठेवली होती. आण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत, स्कूटर केव्हाच विकली. पाडव्याच्या दिवशी त्यांचा आवाज चढला तेव्हा माझे हात गार पडले. मी उठून अंगणात गेले, फरशीवर पाय टेकवून उभी राहिले आणि दहा मिनिटांनी आत येऊन जेवले. आईशी जे बोलायचे आहे ते अजून बोलता आलेले नाही. सध्या मी तीन आठवड्यांतून एकदा जाते आणि तोच विषय चालू आहे.

मागच्या महिन्यात नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, ‘ताई, तू जातेस तिथे ऑनलाइन घेतात का गं?’ मी बाईंना विचारले. एकाच घरातल्या दोघांवर त्या उपचार करत नाहीत, म्हणून त्यांनी नाशिकमधील दोघांची नावे त्याला दिली. एकाकडे आठ आठवड्यांची प्रतीक्षा होती, दुसऱ्याकडे जागा मिळाली. त्याची पहिली वेळ येत्या गुरुवारी सायंकाळी सहा वाजता आहे. मथळेच सांग, बातमी नको, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे.